धातूविना रुपया : चलनाच्या मर्यादेचा प्रश्न

भारतीय नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या स्वाक्षरीने धारकाला तितके रुपये अदा करण्याचे वचन छापलेले असते. हे वचन वाचणाऱ्याचा असा समज होणे स्वाभाविक आहे की, नोट ही दुसऱ्या कोणत्या तरी अधिक खऱ्या वस्तूची केवळ पावती असून ती वस्तू, म्हणजे सोने किंवा चांदी, बँकेच्या तळघरात धारकासाठी राखून ठेवलेली आहे. कायदा पाहिला तर शंभर रुपयांची नोट घेऊन रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जाणाऱ्या माणसाला त्या वचनापोटी शंभर रुपयांच्या दुसऱ्या नोटा किंवा नाणी तेवढी मिळू शकतात. सोने मागण्याचा अधिकार त्याला नाही. अशा चलनाला अपरिवर्तनीय चलन म्हणतात, म्हणजे ज्याच्या बदल्यात धातू मागता येत नाही असे चलन. हेच चलन विधिग्राह्यही असते, म्हणजे देणे फेडण्यासाठी ते पुढे केले असता घेणेकऱ्याला ते नाकारता येत नाही. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ याच्या २६ व्या कलमाने नोटेला हा दर्जा दिला असून तिच्यामागे केंद्र सरकारची हमी उभी केली आहे.

धातू मागता येत नसेल तर या कागदाला किंमत कशामुळे येते, या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी दिली जातात. लोकांचा विश्वास हे एक आणि सरकारचा हुकूम हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. कारण विश्वास नेमका कशावर ठेवायचा हे पहिले उत्तर सांगत नाही, आणि हुकूम असूनही चलन कोसळल्याची उदाहरणे इतिहासात इतकी आहेत की दुसरे उत्तर एकटे टिकत नाही. चलन किती काढायचे यावर मर्यादा असणे, आणि ती मर्यादा चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नसणे, हा किमतीचा खरा आधार होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात रुपयाचा विचार याच दिशेने केला, आणि महाराष्ट्रात त्यांच्या इतर लेखनाच्या मानाने हा ग्रंथ फार कमी वाचला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

हुकुमाच्या जोरावर चलन चालवण्याचा मोठा प्रयोग याच भूमीत झाला. महंमद तुघलकाने इ. स. १३२९-३० च्या सुमारास तांब्या-पितळेचा टंका काढला आणि तो चांदीच्या टंक्याच्या बरोबरीने घेतला जावा असे फर्मावले. हे नाणे दिल्लीप्रमाणे देवगिरीच्या, म्हणजे त्याने दौलताबाद असे नाव दिलेल्या राजधानीच्या टांकसाळीतही पडत होते, आणि सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणे, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरलेला असे. हुकुमाला धर्माची जोड देण्यापर्यंत मजल गेली, तरी दोन-तीन वर्षांतच हे नाणे मागे घ्यावे लागले. ज्याच्याकडे तांबे आणि कारागीर होता त्याला घरबसल्या टंका पाडता येत होता, आणि तत्कालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने घरोघर टांकसाळी झाल्याची तक्रार नोंदवून ठेवली आहे. मराठी शालेय इतिहासाने या सुलतानाला ‘वेडा महंमद’ ठरवून हे प्रकरण निकालात काढले, पण तो निवाडा न्याय्य नाही. चीनमध्ये कागदी चलन त्याच्या आधी तीनशे वर्षे सरकारी अधिकाराने चालू होते, म्हणजे कल्पना वेडगळ नव्हती. आणि प्रयोग फसल्यावर त्याने खजिन्यातून सोने-चांदी देऊन ती नाणी परत घेतली, म्हणजे दिलेला शब्दही पाळला. त्याच्याजवळ मर्यादा राखण्याचे साधन नव्हते, एवढेच त्या अपयशाचे कारण आहे.

धातूचे चलन विश्वासाच्या प्रश्नातून मुक्त असते, हा समजही पेशवाईच्या काळाकडे पाहिल्यावर राहत नाही. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना प्रकारचे रुपये त्या वेळी एकाच बाजारात फिरत असत. टांकसाळी चालवण्याचे परवाने खासगी सोनारांना फी घेऊन दिले जात, आणि प्रत्येक रुपयाचे वजन व कस यांत फरक पडत असल्याने तो पारखण्यासाठी सराफाची गरज लागे. कमी कसाच्या किंवा झिजलेल्या नाण्यावर जी कपात होई तिला बट्टा म्हणत. सारा भरताना कोणते नाणे चालेल आणि त्यावर किती बट्टा पडेल हे ठरवण्याची शक्ती रयतेकडे नव्हती, त्यामुळे त्या चांदीवरील विश्वासाची किंमत शेवटी तिलाच मोजावी लागत होती.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला एकच रुपया ठरवून दिला. या रुपयाचे टंकन मुक्त होते, म्हणजे कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन ठरलेले शुल्क देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे, आणि म्हणून रुपयाची किंमत व त्यातील चांदीची किंमत सहसा एकमेकींपासून फार दूर जात नसत. १८७० नंतर जर्मनीसह युरोपातील देशांनी चांदी सोडून सोने धरले आणि जगाच्या बाजारात चांदी उतरू लागली, तेव्हा १८७१ च्या सुमारास जवळपास दोन शिलिंगांना मिळणारा रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. इंग्लंडमध्ये सोन्यात द्यावा लागणारा होमचार्जेसचा, म्हणजे भारताच्या राज्यकारभारापोटी तिकडे होणाऱ्या खर्चाचा, बोजा त्यामुळे वाढत गेला आणि सरकारने हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद केल्या.

या एका निर्णयाने जे घडले ते चलनशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. रुपयाचे वजन तेच राहिले, कस तोच राहिला, राणीचा मुखवटा तोच राहिला. बदलली ती केवळ नवीन रुपया जन्माला येण्याची वाट. पहिली दोन वर्षे विनिमयाचा दर आणखी उतरला, पण नवे रुपये पडत नसल्याने चलनाची चणचण भासू लागली आणि १८९८ पर्यंत रुपया सोळा पेन्सांवर, म्हणजे एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिरावला, जेव्हा त्याच्या पोटातील चांदी लंडनच्या बाजारभावाने जेमतेम दहा पेन्सांची होती. उरलेल्या सहा पेन्सांच्या मागे कोणताही धातू नव्हता. त्या केवळ टंचाईने निर्माण केल्या होत्या. हातात खणखणणारा चांदीचा रुपया तेव्हाच अर्थाने नोट झाला होता, आणि जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये भारतीय चलनावरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन चांदीवर छापलेली नोट अशा आशयाने केले ते याच कारणाने.

या बदलाचा घाव कोणावर बसला हेही सांगितले पाहिजे. खेड्यातील कुटुंबाची बचत बहुधा चांदीच्या दागिन्यांत असे. तोडे, वाळे, कमरपट्टे अडीअडचणीला मोडता येत आणि १८९३ पर्यंत त्या चांदीला टांकसाळीच्या भावाचा आधार होता. टांकसाळी बंद झाल्यावर चांदी नुसता विकाऊ माल उरली, तर सारा आणि सावकाराचे देणे मात्र महागलेल्या रुपयांतच भरायचे होते. त्यानंतर तीन वर्षांत १८९६-९७ चा आणि मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. ज्या घरांनी त्या वेळी दागिने मोडले त्यांना पूर्वीइतके रुपये मिळाले नाहीत, आणि हा तोटा त्यांच्या कोणत्याही चुकीचा परिणाम नव्हता. चलनाविषयीचे निर्णय तांत्रिक असतात, सामान्य माणसाचा त्यांच्याशी संबंध नसतो, असे म्हणणाऱ्यांनी हा काळ अवश्य अभ्यासावा.

१८९३ नंतर हळूहळू जी व्यवस्था उभी राहिली तिला सुवर्ण विनिमय परिमाण असे नाव आहे. सुवर्ण परिमाणात चलन सोन्याचे असते किंवा मागणी करताच सोन्यात बदलून मिळते. सुवर्ण विनिमय परिमाणात देशांतर्गत चलन चांदीच्या रुपयांचे आणि नोटांचे राहते, फक्त परदेशी देण्यांसाठी सरकार ठरलेल्या दराने स्टर्लिंगच्या हुंड्या विकून किंवा विकत घेऊन विनिमयाचा दर सांभाळते. केन्स यांना ही व्यवस्था आधुनिक आणि काटकसरीची वाटली, कारण सोने लोकांच्या हातात फिरवून झिजवण्यापेक्षा ते राखीव ठेवणे त्यांना शहाणपणाचे वाटत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात तरुण आंबेडकरांनी या मताला विरोध केला. प्रा. एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना सर्व मुद्द्यांशी सहमती दर्शवली नाही, तरी साधे सुवर्ण परिमाण समजणारे राज्यकर्ते थोडे असले तरी विनिमय परिमाण समजणारे त्याहून फारच थोडे आहेत, आणि म्हणून त्याचा दुरुपयोग होण्याची शक्यता अधिक आहे, असा इशारा दिला.

आंबेडकरांचा युक्तिवाद सोन्याच्या मोहातून आलेला नाही, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. रुपयाचा पौंडाशी असलेला दर स्थिर आहे एवढ्यावरून रुपया स्थिर आहे असे मानणे त्यांना मान्य नव्हते. रुपयाने बाजारात किती धान्य, किती कापड येते हे त्यांच्या दृष्टीने मूळ होते आणि परकीय विनिमयाचा दर हा त्याचा परिणाम होता. १९०० नंतर सरकारने पुन्हा मोठ्या प्रमाणावर रुपये पाडले, देशात किमती चढल्या, तरी विनिमयाचा दर हुंड्यांच्या आधाराने उभा राहिला. म्हणजे रोग्याचा ताप उतरवून रोग बरा झाल्याचे सांगण्यात आले. या व्यवस्थेत चलन वाढवणे सरकारच्या हाती होते आणि ते वाढवू नये असे भाग पाडणारे काहीही नव्हते. जी बँक अविचाराने नोटा काढते तिचे नुकसान तिच्याच मालमत्तेवर येते, तर सरकारी चलन काढणाऱ्या अधिकाऱ्यांना चुकीबद्दल स्वतःच्या खिशातून काही द्यावे लागत नाही; म्हणून व्यवस्थापित चलन सरकारच्या हाती असणे धोक्याचे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. भाववाढीत मालकाचा नफा आधी वाढतो आणि मजुराची मजुरी मागे राहते, त्यामुळे घसरत्या चलनातून उद्योगाला मिळणारा फायदा हा श्रमिकाच्या ताटातून काढून घेतलेला असतो, हेही त्यांनी आग्रहाने मांडले, आणि पुढच्या आयुष्यात मजुरांची बाजू लढवणाऱ्या नेत्याचा विचार या पानांत आधीच घडलेला दिसतो.

त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे रुपये पाडणे कायमचे बंद करावे, सोन्याच्या नाण्यासाठी टांकसाळ उघडावी, दोहोंतील प्रमाण कायद्याने ठरवावे, आणि रुपया सोन्यात बदलून देण्याची सक्ती सरकारवर ठेवू नये. वरवर पाहता हे चमत्कारिक वाटते, कारण सुवर्ण परिमाणाचा पुरस्कर्ता रुपयाच्या परिवर्तनीयतेला विरोध करतो आहे. पण बारकाईने पाहिले तर सारा भर परिवर्तनीयतेवरून निघून मर्यादेवर आलेला आहे : रुपयांची संख्या कायमची ठरलेली असेल तर तो बदलून मिळाला नाही तरी त्याची किंमत टिकते, आणि संख्या मोकळी असेल तर बदलून देण्याचे वचन एक दिवस मोडते. १५ डिसेंबर १९२५ रोजी भारतीय चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी हीच भूमिका मांडली. रिझर्व्ह बँक आंबेडकरांच्या ग्रंथातून जन्मली असे आज सरसकट म्हटले जाते. हे विधान त्या आयोगाच्या शिफारशींचा आणि १९३४ पर्यंतच्या वाटाघाटींचा इतिहास फारच सोपा करून टाकते. त्यांचे खरे श्रेय याहून मोठे आहे, कारण धातू गेल्यावर चलनाला कोण आवरणार, हा आजचा प्रश्न त्यांनी धातू असतानाच विचारला होता.

पहिल्या महायुद्धाने उलट बाजूचा धोकाही दाखवून दिला. चांदी इतकी महागली की रुपयातील धातू त्याच्या दर्शनी किमतीहून अधिक किमतीचा होऊ लागला, नाणी वितळवली किंवा दडवली जाऊ लागली, आणि सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ पासून एक रुपयाची नोट काढली. नोटांच्या बदल्यात चांदी देण्याचे वचन पाळण्यासाठी १९१८ मध्ये अमेरिकेकडून चांदी आणावी लागली. ज्या धातूने चलनाला स्थैर्य द्यावे असे मानले जात होते त्यानेच चलन बाजारातून पळवून लावले.

नोट कोणत्या मुलखात चालेल हेही राज्यसंस्थाच ठरवत आली आहे. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार खासगी बँकांकडून सरकारकडे आला, पण देशाचे चलन-मंडलांत विभाजन झाले आणि मद्रास मंडलाची नोट मुंबई मंडलात विधिग्राह्य नसे. ही बंधने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने उठली. आज चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात तयार झालेली मोटार लातूरचा गिऱ्हाईक विकत घेतो तेव्हा दोन टोकांच्या रुपयांत काही अंतर असू शकेल असा विचारही कोणाच्या मनात येत नाही, परंतु हे एकत्व कायद्याने घडवलेले आहे. मराठवाड्याला तर वेगळ्या चलनाचा अनुभव फार अलीकडेपर्यंत होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात असल्याने तेथे हाली सिक्का चाले, सरकारी वसूल त्यात होई, आणि १९१८ पासून हैदराबाद राज्याच्या नोटाही होत्या. साधारणतः सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये असा हिशेब होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य भारतात विलीन झाले, तरी हाली सिक्का त्या दिवशी कवडीमोल झाला नाही. नव्या राज्यसंस्थेने त्याची जबाबदारी घेतली, काही वर्षे दोन्ही चलने शेजारी शेजारी चालली आणि १९५९ मध्ये हाली सिक्का रद्द झाला. खजिना जे घेतो ते बाजार घेतो. राज्य बदलले तरी खजिना ते घेत राहिला म्हणून बाजारही घेत राहिला.

स्वतंत्र भारतात धातूशी असलेला उरलासुरला संबंध कायद्यानेच सैल केला. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली तेव्हा नोटांच्या चाळीस टक्के इतका निधी सोने आणि स्टर्लिंग रोख्यांत ठेवण्याचे बंधन होते, याला प्रमाणनिधी पद्धती म्हणतात, कारण नोटा वाढल्या तर निधीही त्या प्रमाणात वाढवावा लागे. दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली त्या १९५६ साली हे प्रमाण काढून टाकण्यात आले आणि १९५७ मध्ये किमान निधी दोनशे कोटी रुपयांचा, त्यात ११५ कोटींचे सोने, असा ठरला. ही रक्कम आजही तीच असल्याने नोटा किती काढाव्यात यावर तिचा कसलाही वचक उरलेला नाही. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले तेव्हा जगाचीही हीच स्थिती झाली. सोने निरुपयोगी झाले असे मात्र नव्हे. १९९१ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवून परकीय चलन उभे केले, पण तो उपयोग देशाच्या बाहेरील देण्यांचा होता. नाशिकच्या छापखान्यात तयार होणाऱ्या नोटेच्या किमतीशी त्याचा थेट संबंध नव्हता.

हुकुमाची ताकद किती, हे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी दिसले. पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा, म्हणजे मूल्याने सुमारे ८६ टक्के चलन, एका रात्रीत विधिग्राह्य राहिले नाही आणि २०१७ च्या कायद्याने त्या नोटांवरचे रिझर्व्ह बँकेचे दायित्वही संपवले. महाराष्ट्रात याचा मोठा जाच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या खातेदारांना झाला, कारण १४ नोव्हेंबरपासून या बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई करण्यात आली आणि शेतकऱ्याचा व्यवहार प्रामुख्याने याच बँकांशी होता. नोटेवरचे वचन मोडता येते आणि ते मोडताना कोणाला सवलत मिळेल व कोणाला मिळणार नाही हेही सत्ताच ठरवते, ही जाणीव त्या आठवड्यांत खेडोपाडी झाली, आणि ती पुसून टाकणे सोपे नाही.

मर्यादेचा प्रश्न यानंतरही उभाच राहतो. १९५५ पासून सरकारच्या तिजोरीतील शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की रिझर्व्ह बँकेने आपोआप तदर्थ हुंड्या, म्हणजे तात्पुरत्या सरकारी कर्जाच्या हुंड्या, घेऊन ती भरून काढण्याची रीत होती. प्रत्यक्षात ही तूट भरण्यासाठी चलन निर्माण करण्याची कायमची सोय झाली. १९९७ मध्ये ती बंद झाली, आणि वित्तीय उत्तरदायित्वाच्या २००३ च्या कायद्यानुसार १ एप्रिल २००६ पासून अपवादात्मक परिस्थिती वगळता रिझर्व्ह बँकेला सरकारी रोखे थेट सरकारकडून घेण्यास बंदी आली. २०१६ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची चलनविषयक धोरण समिती अस्तित्वात आली. भाववाढ चार टक्क्यांच्या आसपास, वर-खाली दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट तिला देण्यात आले, आणि सलग तीन तिमाही ते साधले नाही तर कारणे व उपाय सरकारला लेखी कळवण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेवर आले. १८९३ मध्ये बंद टांकसाळीने जे काम केले, १९२३ मध्ये आंबेडकरांनी रुपयांच्या ठरलेल्या संख्येकडून ज्याची अपेक्षा केली, ते काम आज या कलमांकडे आहे.

२०२२ मध्ये सलग तीन तिमाही भाववाढ सहा टक्क्यांच्या वर राहिली आणि कलमाने सांगितलेला अहवाल नोव्हेंबरमध्ये सरकारकडे गेला, पण तो जनतेसाठी प्रसिद्ध करण्यात आला नाही. सरकारकडून उद्दिष्ट घेणारी बँक आपल्या अपयशाचा हिशेब फक्त सरकारलाच देते, आणि ज्यांच्या मजुरीची खरेदीशक्ती या काळात घटली त्यांना तो वाचायला मिळत नाही, ही व्यवस्था अपुरी आहे. चलनाचे व्यवस्थापन करणाऱ्यांना चुकीची झळ पोहोचत नाही, हा आंबेडकरांचा आक्षेप तिने दूर केलेला नाही. कायद्यात अहवाल गुप्त ठेवण्याची सक्ती नाही. तो लोकसभेपुढे ठेवून प्रसिद्ध करण्याची तरतूद एका लहानशा दुरुस्तीने होऊ शकते, आणि ती करण्याची मागणी अर्थशास्त्रज्ञांइतकीच कामगार संघटनांनी आणि शेतकरी संघटनांनीही केली पाहिजे.